विमान चुकले तर दाद कोणाकडे मागावी?



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेण्याची निवड, खोडव्यातील पाचट आणि ठिबकाचे अनुदान यांविषयी लिहितो. या खेपेस विषय विमानाचा आहे. "शेतकी विभागाला विमानाचं काय पडलंय?" असे कोणी म्हणेल. पण गेल्या दोन-तीन वर्षांत औंढा गट कार्यालयात ऊसनोंदीच्या कागदांबरोबर विमानाची तिकिटेही येऊ लागली आहेत. कुणाचा मुलगा आखातात कामाला आहे, कुणाची मुलगी जर्मनीला शिकते, कुणी फौजेतून रजेवर येतो, कुणी हजला तर कुणी चारधामला निघतो. इंग्रजी कागद दिसला की सभासद तो घेऊन आमच्याकडे येतात, आणि "सायब, एवढं वाचून सांगा" म्हणतात. वाचता वाचता आम्हालाही या विषयाचे नियम गोळा करावे लागले. ते एकदा छापून टाकावेत, म्हणजे सर्वांच्या उपयोगी पडतील, असे ठरवले.

औंढ्याच्या माणसाचा विमानप्रवास मुंबईच्या माणसासारखा नसतो, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. मुंबईचा माणूस घरून टॅक्सीने निघतो आणि विमानात बसतो. आपल्याला जवळचा विमानतळ नांदेडचा. तेथे २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतून हैदराबादचे विमान सुरू झाले, तेव्हा आपल्या भागात केवढा आनंद झाला होता. पुढे ती विमान कंपनीच बंद पडली. त्यानंतर दुसऱ्या कंपन्या आल्या. नांदेडची सेवा कधी चालू तर कधी बंद, असेच चालले आहे. म्हणून आपला माणूस बहुधा हैदराबाद, पुणे, मुंबई किंवा संभाजीनगर गाठतो. म्हणजे आधी एसटी किंवा जीप, मग वसमत, हिंगोली वा परभणीहून रेल्वे, मग एक विमान आणि पुष्कळदा त्याच्यापुढे दुसरे विमान. प्रवासाचे असे चार तुकडे झाले की एका तुकड्याला उशीर होताच पुढचे सगळे कोसळते. जोड चुकण्याचे दुखणे म्हणूनच आपले जास्त आहे.

आता, उशिराला किंमत असते ही गोष्ट ऊस उत्पादकाला नव्याने सांगायला नको. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिले आहे की, ऊस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत बिल दिले पाहिजे, आणि त्यापुढे उशीर झाला तर दर साल दर शेकडा १५ टक्के व्याज द्यावे लागेल. (हे कारखान्याच्याच वार्तापत्रात लिहिल्याबद्दल आमच्या कार्यालयात दोन-चार भुवया वर जातील, पण कायदा आहे तो आहे.) तेथे हिशेब सरळ आहे; दिवस मोजा आणि व्याज काढा. विमानाच्या उशिराला असा एकच सरळ दर नाही, आणि लोकांचा घोटाळा होतो तो येथेच.

आपल्याकडे सगळ्यालाच "इमान चुकलं" म्हणतात. नियमात मात्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, कंपनीने उड्डाणच रद्द केले. दुसरी, विमान उशिरा सुटले. तिसरी, विमान वेळेवर आहे, तुम्हीही वेळेवर आहात, पण जागेपेक्षा जास्त तिकिटे विकल्यामुळे तुम्हाला चढू दिले नाही. यांपैकी काय घडले त्यावर तुमचा हक्क ठरतो. दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने यासंबंधी २०१० साली नियम केले आणि नंतर त्यात वेळोवेळी दुरुस्त्या केल्या.

चढू न देण्याचा हिशेब सर्वांत सोपा. एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवले तर काही मिळत नाही. चोवीस तासांच्या आत बसवले तर एकेरी मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यापेक्षाही उशीर केला तर चौपट, जास्तीत जास्त २०,००० रुपये. दुसरे विमान नकोच म्हटले तर तिकिटाचे सगळे पैसे परत आणि वर ही चौपट भरपाई.

उड्डाण रद्द झाले आणि त्याची सूचना वेळेवर दिली नाही, तर पैसे परत किंवा दुसरे विमान हा हक्क आहेच. त्याशिवाय प्रवास एक तासापर्यंतचा असल्यास ५,००० रुपये, दोन तासांपर्यंतचा असल्यास ७,५०० आणि त्याहून मोठा असल्यास १०,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. मूळ भाडे व इंधन आकार मिळून रक्कम याहून कमी होत असेल तर ती कमी रक्कम मिळते. त्याच तिकीट क्रमांकावरचे पुढचे जोडविमान यात चुकले असेल, तर त्याचाही उल्लेख याच कलमात आहे.

आणि नुसता उशीर झाला तर? येथे सभासदांची निराशा होते. देशातल्या देशात विमान उशिरा सुटले म्हणून ठराविक रोख रक्कम द्यावी, असे हा नियम म्हणत नाही. तो सोय करायला सांगतो. अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल आणि विमान दोन तास उशिरा असेल तर चहा-फराळ, जेवण दिले पाहिजे. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला ही मर्यादा तीन तास, बाकीच्यांना चार तास. उशीर सहा तासांहून जास्त होणार असेल तर दुसरे विमान किंवा सगळे पैसे परत, यांतले काय हवे ते प्रवाशाने सांगायचे. चोवीस तासांहून जास्त उशीर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन यांमध्ये सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला, तर राहण्याची सोय कंपनीच्या खर्चाने.

ही सोय कोणी आपण होऊन आणून देईल, अशा भ्रमात राहू नये. आमच्या गटातले बारा ऊस उत्पादक घेऊन आम्ही कोईमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेला निघालो होतो. 'को ८६०३२' मधला 'को' म्हणजे कोईमतूर, तेव्हा ते ठिकाण एकदा पाहावे अशी सर्वांची इच्छा होती. हैदराबादला पहिल्या विमानाला इतका उशीर झाला की चेन्नईला उतरेपर्यंत पुढचे विमान निघून गेले होते. खिडकीवरच्या मुलाने "उद्याचं तिकीट काढा" एवढेच सांगितले. आमच्यातले एक सभासद निवृत्त शिक्षक. त्यांनी शांतपणे तिकीट पुढे केले आणि म्हणाले, "बाळा, हैदराबादपासून कोईमतूरपर्यंत एकच क्रमांक आहे. आम्हाला पोचवायचं काम तुमचं आहे. नाही म्हणायचं असेल तर कागदावर लिहून दे." कागदावर लिहून द्या म्हटल्यावर आतून मोठा साहेब आला. सकाळच्या विमानात जागा मिळाल्या, जेवणाची कुपने मिळाली. राहायची सोय काही मिळाली नाही. टॉवेल अंथरून रात्र काढली. घरी आल्यावर दोन पत्रे लिहिली, तेव्हा जेवणाच्या जादा खर्चाची रक्कम परत आली. रक्कम मोठी नव्हती, पण मास्तरांनी त्या पत्राची प्रत जपून ठेवली आहे.

मास्तरांनी पकडलेला मुद्दा हाच या लेखाचा गाभा आहे. एक तिकीट की दोन तिकिटे? सगळा प्रवास एका क्रमांकावर असेल तर शेवटच्या मुक्कामापर्यंत पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. पण स्वस्त पडते म्हणून हैदराबाद–मुंबई एका कंपनीचे आणि मुंबई–मस्कत दुसऱ्या कंपनीचे असे वेगवेगळे तिकीट काढले, तर दुसरी कंपनी म्हणते, "आमचे विमान वेळेवर सुटले, प्रवासी आला नाही." तोडणी आणि वाहतूक एकाच मुकादमाकडे असली की ऊस फडात वाळला तरी जाब कुणाला विचारायचा हे ठाऊक असते. टोळी एकाची आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा असला की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. येथेही तसेच आहे.

आमच्या गटातल्या एका सभासदाच्या मुलावर हाच प्रसंग आला. मुलगा मस्कतला नोकरीवर हजर व्हायला निघाला होता. एजंटाने दोन वेगळी तिकिटे काढून दिली. हैदराबादचे विमान जवळपास चार तास उशिरा आले, मस्कतचे विमान गेले. नवे तिकीट काढायला बापाने हातउसने पैसे उभे केले, ते उसाच्या पहिल्या हप्त्यातून फेडायचे या बोलीवर. मुलगा दोन दिवस उशिरा पोचला. नोकरी राहिली, पण पगारातून कापून घेतले. मामा आमच्यासमोर बसून म्हणाले, "सायब, तिकिटाचं गेलं ते गेलं. पण चूक त्यांची अन् दंड माझ्या पोराला, हे कोणतं न्यायाचं?" आम्ही कागद पाहिले. दोन गोष्टी दिसल्या.

पहिली अशी की, तिकिटावर मोबाईल नंबर एजंटाचा होता. विमानाला उशीर असल्याचा संदेश आदल्या रात्रीच आला होता, पण तो एजंटाकडे. एजंट झोपलेला. सभासदांनो, ही बाब फार महत्त्वाची आहे. तिकीट काढताना प्रवाशाने संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तर रद्द झालेल्या उड्डाणाची भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर राहत नाही, असे नियमातच आहे. तेव्हा तिकीट कोणाकडूनही काढा, नंबर स्वतःचा घाला आणि तिकीट हातात आल्यावर तो छापला आहे का ते पाहा.

दुसरी गोष्ट अशी की, दुसऱ्या विमानात बसले नाही म्हणून सगळेच पैसे बुडाले, असे एजंटाने मामांना सांगितले होते. आपल्या देशातील कंपनीच्या बाबतीत ते खरे नाही. प्रवासी आला नाही तरी तिकिटातील सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळते. तिकीट एजंटामार्फत काढले असले तरी पैसे परत करण्याची जबाबदारी कंपनीचीच असते. मामांना ही रक्कम मिळाली. राहिला प्रश्न पहिल्या कंपनीच्या उशिराचा. तो महासंचालनालयाच्या नियमात बसत नाही, पण ग्राहक कायद्यात बसतो.

कसा बसतो, हे रेल्वेच्या एका निकालावरून कळेल. २०१६ साली एक कुटुंब अजमेर–जम्मू एक्सप्रेसने निघाले. गाडी जम्मूला सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी पोचायची, ती १२ वाजता पोचली. श्रीनगरचे विमान दुपारी १२ चे होते, ते गेले. कुटुंबाला १५,००० रुपये देऊन टॅक्सीने श्रीनगर गाठावे लागले. अलवरच्या जिल्हा ग्राहक मंचाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रेल्वे वर गेली, आणखी वर गेली, शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ सप्टेंबर २०२१ रोजी तेथेही प्रवासीच जिंकला. टॅक्सीचे पैसे, मुक्कामाच्या आरक्षणाचे पैसे, शिवाय मनस्तापाबद्दल आणि दाव्याच्या खर्चाबद्दल रक्कम मिळाली. लक्षात घ्या, रेल्वेचे तिकीट वेगळे होते आणि विमानाचे वेगळे. तरीही न्यायालय म्हणाले की, उशीर का झाला आणि तो आपल्या हाताबाहेरचा कसा होता, हे रेल्वेने सिद्ध करायला हवे होते. ते तिने केले नाही. सिद्ध करण्याचा भार उशीर करणाऱ्यावर टाकला गेला, ही त्या निकालातील मोठी गोष्ट.

पण दर वेळी प्रवासीच जिंकतो, असेही नाही. १४ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीत दाट धुके होते. हैदराबादला सकाळी निघणारे इंडिगोचे विमान रद्द करून ते पुढच्या विमानाबरोबर जोडले गेले. पैसे परत घ्या किंवा थांबा, असे प्रवाशाला सांगितले होते; तो थांबला आणि विमानात बसूनही त्याचे तासन् तास गेले. हैदराबादच्या कायम लोकअदालतीने त्याला १०,००० रुपये भरपाई दिली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. धुके आणि उड्डाणाची परवानगी या गोष्टी कंपनीच्या हातात नव्हत्या, असे न्यायालयाचे म्हणणे. आम्हाला हा निकाल पटतो. गारपिटीने ऊस झोपला तर चिटबॉयला शिव्या देऊन काय उपयोग? मात्र उशिराबद्दल जबाबदार नसलात तरी अडकलेल्या प्रवाशांची किमान सोय करावी लागेल, हेही न्यायालयाने बजावले.

या सोयीचे मोल किती, ते मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाने दाखवून दिले. जुलै २०२४ मध्ये स्पाइसजेटचे दुबईहून मुंबईला येणारे विमान चौदा तासांहून अधिक उशिरा निघाले. एवढ्या वेळात प्रवाशाला मिळाले काय, तर एकदा बर्गर आणि बटाट्याच्या तळलेल्या कापा. यंत्रात बिघाड होता, हे कंपनीचे म्हणणे. आयोगाने २०२५ मध्ये कंपनीला ५०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च द्यायला लावले. प्रवाशाने मागितले होते चार लाख. मागताना हात आखडू नये हे ठीक, पण मागितले तेवढे मिळत नाही हेही ध्यानात असू द्यावे.

त्याच आयोगाचा २०२५ मधलाच आणखी एक निकाल तर नेमका चुकलेल्या जोडीचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये एक ज्येष्ठ नागरिक मुंबईहून दरभंग्याला गेले. परतीचे उड्डाण खराब हवामानामुळे रद्द झाले. कंपनीने पाटणा–कोलकाता–मुंबई असे दुसरे तिकीट दिले. पाटण्याला पोचून पाहतात तो काय, पाटण्याचे विमान कोलकात्याला टेकायच्या आधीच कोलकात्याहून मुंबईचे विमान सुटणार! बिचाऱ्यांना पदरच्या पैशाने दुसरे तिकीट काढावे लागले. कंपनी म्हणाली, हवामान आमच्या हातात नाही आणि तिकिटाचे पैसेही आम्ही परत केले. आयोग म्हणाला, हवामान तुमच्या हातात नव्हते, पण हे चुकीचे तिकीट तुमच्याच हातचे होते. २५,००० रुपये मनस्तापाचे आणि ५,००० रुपये दाव्याचे, असा आदेश झाला. धुक्याचा निकाल आणि हा निकाल शेजारी ठेवून पाहिला म्हणजे फरक कळतो. पाऊस पडला यात कारखान्याचा दोष नाही. पण पावसानंतर तोडणीचा कार्यक्रम उलटासुलटा लावला तर तो दोष शेतकी विभागाचा.

गेल्या डिसेंबरातला, म्हणजे २०२५ मधला गोंधळ सर्वांनी टीव्हीवर पाहिला. वैमानिकांना आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास द्यावी आणि रात्रीची उतरणी कमी करावीत, असे नियम आले. इंडिगोकडे विमाने होती, पण नव्या नियमाप्रमाणे लागणारे वैमानिक नव्हते. गव्हाण तयार, बॉयलर पेटलेला आणि टोळ्याच आल्या नाहीत, तसे झाले. ५ डिसेंबर रोजी एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. इतर कंपन्यांनी भाडी वाढवली, तेव्हा सरकारने कमाल दर ठरवून दिले. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि लांबच्या प्रवासाला १८,००० रुपयांपर्यंत. ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत तिकिटाचे पैसे परत करा, असाही हुकूम निघाला. कंपनीने नियमाप्रमाणे ५,००० ते १०,००० रुपयांची भरपाई, आणि ३, ४ व ५ तारखांना फार हाल झालेल्यांना वर १०,००० रुपयांची प्रवासकुपने जाहीर केली. विश्रांतीचे नियम कधीपासून लागू होणार हे महिनोन् महिने आधी ठाऊक होते. याला धुके म्हणता यायचे नाही, असे आमचे मत आहे.

परदेश प्रवासाचा कायदा निराळा. १९९९ च्या माँट्रियल करारात भारत २००९ साली सामील झाला. त्यात उशिरामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान कंपनीने भरून द्यायचे. मात्र शक्य ते सगळे उपाय केले होते हे तिने सिद्ध केले तर ती सुटते. नुकसानीची वरची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून, आपल्या पैशांत सांगायची तर, सात लाख रुपयांच्या पुढे जाते. ही मर्यादा झाली; हातात पडते ते पावत्यांनी सिद्ध होईल तेवढेच. ज्यांची मुले युरोपात आहेत त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, तेथील २००४ च्या नियमात ठराविक रोख भरपाई आहे. युरोपातून निघालेला माणूस कंपनीच्या दोषामुळे शेवटच्या मुक्कामी तीन तास वा अधिक उशिरा पोचला आणि अंतर ३,५०० किलोमीटरच्या पुढे असेल, तर माणशी ६०० युरोपर्यंत. एकाच आरक्षणात मध्ये जोड चुकली असेल तरी उशीर शेवटच्या मुक्कामावरच मोजतात. जर्मनीहून सुट्टीला येणाऱ्या लेकीबाळींना हे जरूर कळवावे.

आता तक्रार कशी करावी. विमानतळावर असतानाच कारण लेखी मागावे. देत नसतील तर फलकावरची वेळ आणि मोबाईलवरचे संदेश यांचा फोटो काढून ठेवावा. जेवण, टॅक्सी, लॉज, नवे तिकीट या सगळ्याची पावती घ्यावी. बोर्डिंग पास फाडू नये, पूजेच्या पेटीत ठेवावा म्हणा ना! घरी आल्यावर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास पत्र किंवा ई-मेल पाठवावे. फार लांबड लावू नये. आम्ही मामांना लिहून दिलेला मजकूर साधारण असा होता :

"दि. अमुक रोजी आपल्या अमुक क्रमांकाच्या विमानाने मी हैदराबादहून मुंबईला निघालो. सुटण्याची वेळ अमुक होती, प्रत्यक्षात विमान अमुक वाजता सुटले. उशिराचे कारण मला लेखी देण्यात आले नाही. नियमाप्रमाणे द्यावयाचे जेवण दिले नाही. या उशिरामुळे माझे पुढील विमान चुकले व सोबत जोडलेल्या पावत्यांप्रमाणे माझा इतका खर्च झाला. उशिराचे कारण पुराव्यासह कळवावे व सदर रक्कम तीस दिवसांत द्यावी, अन्यथा मला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल."

उत्तर नाही आले तर केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' या व्यवस्थेवर तक्रार नोंदवता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात.

नाही मिटले तर जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी, म्हणजे १९८६ च्या कायद्यात, कंपनीचे कार्यालय असेल किंवा घटना घडली असेल तेथेच जावे लागे. औंढ्याचा माणूस दहा हजारांसाठी मुंबईच्या खेपा कशा घालणार? २०१९ च्या कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते. ऐन गाळपाच्या हंगामात ज्याला गाव सोडता येत नाही अशा माणसासाठी ही तरतूद सोन्यासारखी आहे. पाच लाख रुपयांपर्यंत फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रार मराठीत चालते आणि 'ई-जागृती' वर घरबसल्याही दाखल करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षे. मामांनी पहिल्या कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली आहे; कंपनीने आपले म्हणणे अजून दिलेले नाही.

एक इशारा. विमान कंपनीचा फोन नंबर मोबाईलवर शोधताना पुष्कळदा भामट्यांचे नंबर वर येतात. "तुमचे पैसे परत करतो, आलेला ओटीपी सांगा," असे म्हणून खाते रिकामे करतात. आधीच अडकलेला, घाबरलेला माणूस चटकन फसतो. नंबर तिकिटावरचाच घ्यावा. "भरपाई मिळवून देतो, निम्मी आमची" म्हणणारेही फिरतात; वर दिलेले पत्र स्वतः लिहिता येत असताना निम्मे कशाला द्यायचे?

पत्राच्या नमुन्याच्या प्रती औंढा गट कार्यालयात ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी न्याव्यात. कागद दाखवायला येताना झेरॉक्स आणावी, मूळ तिकीट आणि पावत्या घरीच ठेवाव्यात.